मरामत: नदी नसलेल्या शहरातला पूर

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हे काय कोरडं काढलंय, कारण आज आपण एका सरकारी खात्याचा इतिहास बघणार आहोत. पण गोष्ट पाण्याची आहे, आणि तिच्यात माणसं मेली आहेत. तेव्हा थोडा धीर धरा.

४ सप्टेंबर २०२२ ची रात्र. बंगळुरात पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजला तेव्हा शहराच्या वेधशाळेत चोवीस तासांत १३१ मिलीमीटरच्या वर भरला. मुंबईकर मंडळी म्हणतील, एवढंच? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला होता. बंगळुरात त्याच्या सातव्या हिश्श्याएवढा पडला आणि बेलंदूर, यमलूर, आउटर रिंग रोडचा सगळा पट्टा पाण्याखाली गेला. कोट्यवधींच्या बंगल्यांतून माणसं होडीत बसून बाहेर आली. आयटीतली मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून ऑफिसला निघाली. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्याच वेळी तिकडे मंड्या जिल्ह्यात टी. के. हळ्ळीला, जिथून कावेरीचं पाणी शहराकडे चढवतात, ते पंपिंग स्टेशनच बुडालं. म्हणजे घरात गुडघाभर पाणी आणि नळाला थेंब नाही.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. पुण्याला मुठा आहे, सांगलीला कृष्णा, कोल्हापूरला पंचगंगा. तिथे पूर येतो तेव्हा कोण आलं ते तरी कळतं. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या कण्यावर बसलेलं शहर आहे. त्याला मोठी नदीच नाही. कण्यावरचं पाणी दोन्ही अंगांनी उतरून जायला हवं. मग हे शहर बुडतं कसं?

तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी एकच उत्तर दिलं: अतिक्रमण. ते खोटं नाही. पण ते उत्तर फार तर चाळीस वर्षं मागे जातं. मला त्याच्याही मागे जायचंय, कारण अतिक्रमण व्हायच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती. ती एका शब्दातून सांगता येते.

तो शब्द म्हणजे मरामत. फारसीतून आलेला शब्द, अर्थ दुरुस्ती, डागडुजी. घरातली जुनी माणसं ‘वाड्याची मरामत काढलीय’ असं म्हणत. म्हैसूर संस्थानात १८५६ च्या आधी तळी, कालवे, रस्ते यांची कामं ज्या खात्याकडे होती त्याचं नाव मरामत खातं. म्हैसूरच्या दफ्तरांत त्या काळी कानडीबरोबर मराठीही चालत असे, तेव्हा हा शब्द तिथे कुणाला परका वाटला नसणार. केरळात तर आजही सार्वजनिक बांधकाम खात्याला मल्याळममध्ये ‘पोदुमरामत्त’ म्हणतात, म्हणजे सार्वजनिक मरामत. आपण मराठीत काय म्हणतो? सार्वजनिक बांधकाम विभाग. कानडीत लोकोपयोगी इलाखे. नावावरून सगळंच सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही, पण खात्याच्या मनात आधी दुरुस्ती होती आणि नंतर बांधकाम आलं, हे बंगळूरच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. आपत्तीची तयारी म्हणतात ती त्या दोहोंच्या मधल्या फटीत हरवली.

आधी तळी समजून घेऊ. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास बंगळूरची पेठ वसवली. शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरच्या रणदुल्लाखानाने ती घेतली आणि शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आली. शहाजीराजांचं बंगळूर आपल्याला ठाऊक आहे, पण ते पाणी कुठलं पीत होते हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तळ्यांचं आणि विहिरींचं. पेठेच्या पश्चिमेला धर्मांबुधी, दक्षिणेकडे केंपांबुधी, पूर्वेला संपंगी, त्यापलीकडे हलसूर. यांना कानडीत केरे म्हणतात.

गंमत अशी की हे सुटे सुटे हौद नव्हेत. कण्यावरून तीन दऱ्या उतरतात. वृषभावती पश्चिमेकडे जाते, अर्कावतीला मिळते आणि शेवटी कावेरीत. कोरमंगल-चल्लघट्ट आणि हेब्बाळ या दोन पूर्वेकडे उतरून दक्षिण पिनाकिनीला मिळतात. या तिन्ही दऱ्यांत वरून खाली एकाखाली एक तळी बांधलेली. वरचं भरलं की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात. सांडव्याला तिथे कोडी म्हणतात, आणि दोन तळ्यांना जोडणाऱ्या मोठ्या ओढ्याला राजकालुवे. म्हणजे डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस एका दमात खाली न जाता पायरीपायरीने उतरतो. प्रत्येक पायरीवर थोडा थांबतो, थोडा मुरतो, थोडा शेताला जातो.

या रचनेत एक मोठी मेख आहे. साखळीतलं वरचं एक तळं फुटलं तर त्याचं सगळं पाणी एकदम दुसऱ्यावर येतं, मग तेही फुटतं, मग तिसरं. आणि तळं का फुटतं? बहुतेक वेळा बांध कच्चा म्हणून नव्हे, तर तळात गाळ साचून पोट उथळ झालेलं असतं, सांडव्यात झुडपं आणि दगड अडकलेले असतात, पाणी सांडव्याऐवजी भरावावरून जातं आणि मातीचा भराव कापत नेतं. म्हणून पुराचा बंदोबस्त करायचा तो पूर यायच्या आधी, उन्हाळ्यात, कोरड्या तळ्यात उतरून करायचा. गाळ काढायचा, सांडवा मोकळा करायचा, मोरीची दारं बघायची, भरावावरची झाडं उपटायची. पाऊस लागल्यावर करण्यासारखं फारसं उरत नाही.

हे काम कोण करत असे? गावोगाव नीरगंटी नावाचा माणूस असे. मोरी उघडणं, शेतांना पाणी वाटून देणं, पावसाळ्यात रात्री भरावावर फिरून पाहणं हे त्याचं काम. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या असतात, तसाच हा. तळं बांधणाऱ्याला किंवा फुटकं तळं नीट करणाऱ्याला त्याच तळ्याखालची जमीन करमाफ किंवा कमी साऱ्याने मिळे. तिला कट्टुकोडगे म्हणत. शिलालेखांत अशी दानं जागोजाग सापडतात. काही लेखांत तर गाळ वाहणाऱ्या बैलगाडीच्या खर्चासाठी जमीन लावून दिलेली आहे. विचार करा, देवळाच्या नंदादीपाला जमीन देतात तशी गाळाच्या गाडीला जमीन! मला विचाराल तर दक्षिणेच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि पाठ्यपुस्तकात तिला एक ओळही नाही.

पण एक सांगतो. या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लोक बंगळुरात पुष्कळ भेटतात आणि मला ते अर्धेच पटतात. नीरगंटी बहुतेक ठिकाणी दलित समाजातला असे. मध्यरात्री भरावावर तो जायचा, शेत मात्र दुसऱ्याचं भिजायचं. त्याच्या वाट्याला खळ्यावरचं चार शेर धान्य. गाळ काढायला गावाने मिळून जायचं म्हणजे कोणी जायचं, हे जातीवर ठरे. तेव्हा व्यवस्था चालत होती हे खरं, आणि ती कोणाच्या पाठीवर चालत होती हेही तितकंच खरं.

१८३१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार हातात घेतला. मार्क कब्बनच्या काळात, १८५६ मध्ये, मरामत खात्याच्या जागी पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट आलं. १८६४ मध्ये रिचर्ड सँकी तिथला मुख्य अभियंता झाला. बंगळूरची लाल अठरा कचेरी त्याची, कब्बन पार्क त्याचा, मल्लेश्वरमजवळचं सँकी तळं त्याचं. हा सँकी संस्थानभर फिरला आणि थक्क झाला. पाणी साठवण्याची कल्पना इथल्या लोकांनी इतकी पुरेपूर राबवलीय की नव्या तळ्यासाठी जागा शोधायची तर डोकं खाजवावं लागेल, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. बाहेरून आलेल्या इंजिनिअरने दिलेली यापेक्षा मोठी पावती कोणती?

पण पाहा, नवीन तळ्याला जागाच नसेल तर इंजिनिअरने करायचं काय? डागडुजी. आणि ती कंटाळवाणी. हजारो तळी, एवढंसं खातं. शेवटी वाटणी झाली: ठरावीक महसुलापेक्षा जास्त उत्पन्न देणारी मोठी तळी पब्लिक वर्क्सकडे, लहान तळी महसूल खात्याकडे. कागदावर शहाणपणाची वाटणी. पाण्याला मात्र लहान-मोठं कळत नाही. साखळीत वरचं तळं लहान आणि खालचं मोठं असणार, हे ओघानेच आलं. म्हणजे वरचं मामलेदाराकडे, खालचं इंजिनिअरकडे, आणि वरचं फुटलं की खालच्याचा मालक बघत बसणार. बंगळूरचं आजचं दुखणं तिथे पहिल्यांदा दिसतं.

त्यात १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. म्हैसूर संस्थानातली दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, म्हणजे साधारण पाचातला एक. दुष्काळी कामांवर लोक लावले गेले, रस्ते झाले, रेल्वेचा भराव झाला. पण नीरगंटीच जिथे मेला किंवा गाव सोडून गेला, तिथे तळ्याचं पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

यानंतर येतो प्लेग, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळं वळण इथे आहे.

पुण्याचा प्लेग आपल्या तोंडपाठ आहे: १८९७, रँड, चापेकर बंधू, २२ जूनची रात्र. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट १८९८ मध्ये, प्लेग रेल्वेच्या मार्गाने हुबळीकडून बंगळुरात आला. पेठेतली दाट घरं, अंधारी माजघरं, धान्याची कोठारं, उंदीर. हजारो माणसं दगावली, त्याहून जास्त शहर सोडून पळाली. संस्थानाने प्लेग कमिशनर नेमला. त्याचं नाव व्ही. पी. माधवराव, म्हणजे विश्वनाथ पाटणकर माधवराव. तंजावरकडचं मराठी देशस्थ घराणं. पुढे हेच गृहस्थ त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. मराठी माणूस बंगळुरात काय करत होता असं कुणी विचारलं तर शहाजीराजांनंतर हे एक नाव जरूर सांगा.

या साथीत शहराच्या कामकाजाने किती झपाट्याने रूप बदललं ते बघण्यासारखं आहे. प्लेगच्या कामात एकमेकांशी पटकन बोलता यावं म्हणून शहरात टेलिफोनच्या तारा ओढल्या गेल्या. म्हणजे ज्याला आपण आज कंट्रोल रूम म्हणतो त्याची सुरुवात. बाधित घरं पाडली, पेठेत रस्ते रुंद केले, बाहेर छावण्या घातल्या. आणि सर्वांत मोठी गोष्ट, मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन नव्या वसाहतींना वेग आला. त्यांचा विचार आधीपासून चालू होता, प्लेगने तो मैदानात उतरवला. सरळ रस्ते, मोकळे प्लॉट, घरामागून भंगीकामासाठी वेगळी गल्ली. काही वर्षांनी, १९१० च्या सुमारास, छावणीच्या बाजूला फ्रेझर टाऊन झालं, तेही प्लेगच्या धास्तीतूनच. आज बंगळूरचे लोक ज्या जुन्या, सावलीच्या वस्त्यांचं कौतुक करतात त्यांतल्या निम्म्या साथीच्या पोटी जन्मल्या आहेत.

हे सगळं चांगलंच झालं. हवा आली, उजेड आला, माणसं वाचली. पण खात्याने यातून जो धडा घेतला तो असा: आपत्ती आली की नवीन बांधा. जुनी पेठ दुरुस्त करत बसण्यापेक्षा बाहेर नवी वसाहत टाका. हा धडा रोगाच्या बाबतीत लागू पडला. पाण्याच्या बाबतीत तो लागू पडणार नव्हता, कारण नवी वसाहत उताराला कुठेतरी टाकली की ती कुठल्यातरी तळ्याच्या पोटात किंवा ओढ्याच्या काठावरच जाणार. पण तो हिशेब पुढे यायचा होता.

त्याच सुमारास नळ आला. १८९० च्या दशकात तळी आटली, पाण्याची ओरड झाली, आणि दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात अर्कावतीवरच्या हेसरघट्टा तलावातून पाणी शहरात आणलं गेलं. १८९६ पर्यंत ते काम उभं राहिलं. पुढे १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय आला. पाणी वीस-तीस किलोमीटरवरून नळाने यायला लागल्यावर शहरातल्या तळ्याचं काम काय उरलं? पिण्याला नको, शेती मागे हटलेली. उरले ते डास. हिवतापाच्या भीतीने तळी भरून काढायची मागणी आता आरोग्याच्या नावाने होऊ लागली. तिला वेडेपणा म्हणता येणार नाही, मलेरियाने खरोखरच माणसं मरत होती.

आता यादी ऐका, म्हणजे बंगळुरात गेलात की पायाखाली काय आहे ते कळेल. मॅजेस्टिकचा बसस्टँड, जिथे तुमची पुण्या-मुंबईहून आलेली गाडी थांबते, ते धर्मांबुधी तळं. केआर मार्केट म्हणजे सिद्दिकट्टे. संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम. शूले तळ्यावर फुटबॉलचं स्टेडियम, अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यावर हॉकीचं. चल्लघट्टच्या तळ्यावर गोल्फ कोर्स. संपंगीचा एक लहानसा तुकडा कंठीरवच्या आवारात अजून राखलाय, कारण बंगळूरचा करग उत्सव त्या पाण्याशिवाय होत नाही. देवाच्या कामापुरतं तळं उरलं, पावसाच्या कामापुरतं नाही.

लक्षात घ्या, ही बहुतेक सरकारी कामं आहेत. बसस्टँड, बाजार, स्टेडियम, ही सगळी सार्वजनिक बांधकामं. चोरट्या बिल्डरचा काळ नंतरचा.

इथे विश्वेश्वरय्यांना बोलावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात बी.ए., मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग, आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या पब्लिक वर्क्समध्ये नाशिकला पहिली नेमणूक. त्यांची सुरुवातीची घडण आपल्या धुळे-नाशिककडे पाट आणि बंधारे बघत झाली. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ चे. ती कल्पना मला अजून आवडते, कारण ती मरामतीच्या जातीची आहे. जुनं धरण तसंच ठेवलं, भिंत उंच केली नाही, फक्त सांडव्यावर असे दरवाजे बसवले की पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडेल आणि पूर आला की आपोआप उघडतील.

पण बंगळूरच्या दृष्टीने त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम हैदराबादचं आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला, हजारो माणसं वाहून गेली. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी चौकशी केली तेव्हा दिसलं की शहराच्या वर मुसीच्या खोऱ्यात सातशेहून अधिक लहान-मोठी तळी होती आणि त्यांतली दोनशेहून अधिक त्या पावसात फुटली होती. आपण मघाशी साखळीबद्दल बोललो ना, तेच. एक फुटलं, त्याने दुसरं फोडलं, आणि सगळ्यांचं मिळून पाणी शहरावर आलं. उपाय म्हणून त्यांनी वरच्या बाजूला दोन मोठे जलाशय सुचवले, उस्मानसागर आणि हिमायतसागर. ते झाले आणि अनेक दशकं त्यांनी हैदराबादला सांभाळलं. पण अहवालातला जलाशयांचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि फुटलेल्या तळ्यांचा भाग विसरला गेला. मोठा जलाशय डोळ्यांना दिसतो, त्याचं उद्घाटन होतं, त्याला नाव देता येतं. दोनशे तळ्यांचे सांडवे साफ केले तर कोनशिला लावणार कुठे?

पुढचं मी भरभर सांगतो, कारण ती खात्यांची वंशावळ आहे आणि तुम्हाला झोप येईल. १९४९ मध्ये पेठ आणि छावणी मिळून एक महापालिका झाली. १९६४ मध्ये पाणी आणि सांडपाण्याचं वेगळं मंडळ. १९७६ मध्ये विकास प्राधिकरण. २००२ मध्ये तळ्यांसाठी वेगळं प्राधिकरण, पुढे तेही बदललं. २००७ मध्ये आजूबाजूची गावं घेऊन बृहत् महापालिका, सातशे चौरस किलोमीटरहून मोठी. २०२५ मध्ये तिचे तुकडे करून पाच महापालिका आणि वर एक प्राधिकरण. या सगळ्यांत पावसाचं पाणी पालिकेचं, सांडपाणी मंडळाचं, काही तळी वनखात्याकडे, काही लघुपाटबंधारेकडे. सांडपाण्याची वाहिनी राजकालुव्यातूनच नेलेली, म्हणजे नाल्यात गाळ कोणाचा आणि मैला कोणाचा यावर दोन खात्यांची पत्रापत्री चालणार.

असं नाही की कुणी सांगितलं नाही. १९८५ मध्ये एन. लक्ष्मण राव यांच्या समितीने तळी फोडू नका, त्यांचे कालवे मोकळे ठेवा असं स्पष्ट सांगितलं आणि सरकारने ते मानलंही. २०२१ मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या कॅगच्या अहवालात एक आकडा आहे, तो मी कागदावर लिहून भिंतीला लावलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदीनुसार कोरमंगल दरीतल्या नाल्यांची लांबी ११३ किलोमीटर होती, ती २०१६-१७ पर्यंत ६३ च्या आसपास राहिली. वृषभावतीची २२६ वरून १११. निम्मे नाले जमिनीवरून नाहीसे झाले. नाला चोरीला जात नाही, मंडळी. त्याच्यावर रस्ता होतो, लेआउट होतो, सरकारी शिक्क्याने होतो.

आता २०२२ चं चित्र पुन्हा बघा. कोरमंगल-चल्लघट्ट दरीचं सगळं पाणी बेलंदूर तळ्यात उतरतं, तिथून वर्तूर, तिथून दक्षिण पिनाकिनी. आउटर रिंग रोड त्या उताराला आडवा. वरची तळी गेलेली किंवा गाळाने भरलेली, मधले कालवे अर्धे, आणि खाली आयटी पार्क. १३१ मिलीमीटर पाऊस पायरीपायरीने उतरायचा तो धावत आला.

सरकारची यंत्रणा झोपली होती असं मी म्हणणार नाही. उलट अंदाज आणि इशारा यांत कर्नाटक पुढे आहे. १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा दुष्काळावर नजर ठेवणारा कक्ष याच राज्याने काढला, तोच आज राज्याचं नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र आहे. शहरात ठिकठिकाणी आपोआप नोंद पाठवणारे पर्जन्यमापक आहेत, राजकालुव्यांत पाण्याची पातळी सांगणारे सेन्सर बसवलेत, पावसाळ्यात विभागवार कंट्रोल रूम चोवीस तास चालू असतात. प्लेगच्या टेलिफोनचीच ही पुढची पिढी. पाऊस कुठे पडतोय ते आता मिनिटांत कळतं. कळल्यावर पंप निघतात, होड्या निघतात, अग्निशमनचे लोक जिवावर उदार होऊन पाण्यात उतरतात. पण नाला जिथे नाही तिथे सेन्सर काय मोजणार?

आणि मग २१ मे २०२३. मान्सूनही नव्हे, वळवाचा पाऊस, गारांसह. केआर सर्कलचा भुयारी रस्ता, विधानसौधापासून हाकेच्या अंतरावर. भुयारात पाणी साचलं, त्यात एक मोटार अडकली. आतली बाकीची माणसं वाचवली गेली, एक तरुण मुलगी गेली. आंध्रातून कामासाठी बंगळुरात आलेली. झाडांची पानं आणि फांद्या जाळीवर अडकल्याने पाणी निघालं नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. या चौकाला लागूनच ते इंजिनिअरिंग कॉलेज आहे जे विश्वेश्वरय्यांनी १९१७ मध्ये सुरू केलं आणि आज त्यांच्याच नावाने चालतं. त्या भुयारी रस्त्याची रचना, उतार, पंप यांवर पुढे बरंच बोललं गेलं. मला मात्र ती पानं विसरता येत नाहीत. मे महिन्यात जोराचा वारा सुटला की बंगळुरात पानं पडतात, झाडांचं शहर आहे ते. जाळी झाडण्यासाठी एक खराटा आणि एक माणूस लागतो, आणि पावसाचे ढग दिसले की तिथे जायचं हे त्याचं ठरलेलं काम असावं लागतं. म्हणजे नीरगंटीच, फक्त त्याला नीट पगार हवा, गमबूट हवेत, आणि जातीवरून नेमलेला नको.

इथे पैशाचा स्वभाव बघायला हवा. नव्या पुलाला, नव्या भुयाराला भांडवली खर्चातून मोठी रक्कम मिळते, निविदा निघते, अनेकांचं त्यात हित असतं. गाळ काढायची निविदा छोटी, दरवर्षीची, आणि तिच्यात चोरी करणं सोपं, कारण काढलेला गाळ किती होता हे पाऊस आल्यावर कोण मोजणार? मुंबईत नालेसफाईच्या बिलांवरून दरवर्षी जी ओरड होते ती तुम्हाला माहीत आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि त्याच्या भाऊबंदांनी वीसहून अधिक जीव घेतले, तोवर आंबिल ओढा कुठून वाहतो हे अर्ध्या पुण्याला ठाऊक नव्हतं. बंगळूरला हसण्यासारखी आपली परिस्थिती नाही.

ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी बंगळुरात मॅजेस्टिकपासून बेलंदूरच्या दिशेने कोरमंगल दरीचा नाला धरून चालावं. अलीकडच्या वर्षांत त्याचा बराचसा भाग साफ करून काठाने चालायची वाट केलीय, के-१०० असं त्या कामाला म्हणतात. मी एप्रिलमध्ये चाललोय. काही ठिकाणी पाणी खरोखर स्वच्छ दिसतं, काही ठिकाणी नाक धरावं लागतं. शांतीनगरच्या बाजूला खराटे आणि घमेली घेऊन सहा-सात माणसं नाल्यात उतरलेली होती. उन्हाची वेळ. मी मुकादमाला विचारलं, हे रोज असतं का? तो म्हणाला, आता जूनपर्यंत रोज, मग ठेका संपतो. पाऊस जूनमध्येच लागतो ना, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, सर, ते वर विचारा.

पुढच्या भागात आपण पुण्याला येऊ, १२ जुलै १९६१, पानशेत. त्या दिवशी खडकवासल्याचं धरणही फुटलं, आणि ज्यांनी त्याचे दरवाजे केले होते ते विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. भेटू.